लर्निंग काय?

चौतिसाव्या वर्षी मी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला. त्याआधी अकरा वर्षं एका पतसंस्थेत कारकुनी केली. थकबाकीदारांच्या दारात जाऊन बसणं हा त्या कारकुनीचा मोठा भाग. दारात बसायचा अनुभव आहेच, आता त्याची पदवी घेऊ, इतका सरळ हिशेब होता.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे पुन्हा कॉलेज?" बायको म्हणाली, "फी किती?" दोघींचे प्रश्न रास्त होते. मामांचा मात्र प्रश्न नव्हता, हरकत होती. "समाजसेवेला पदवी कशाला लागते रे? आमच्या आळीतले अण्णा तीस वर्षं मयताचं सगळं बघतात. बांबू, मडकं, गोवऱ्या, दाखला. रात्री दोनला फोन करा, अडीचला अण्णा दारात. त्यांच्याकडे कुठंय सर्टिफिकेट?"

मी म्हणालो, "मामा, याचं शास्त्र आहे. भारतातली समाजकार्याची पहिली शाळा 1936 साली मुंबईत निघाली, दोराबजी टाटांच्या नावानं. तीच आजची टिस, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस."

मामांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "छत्तीसपासून शिकवतायत, आणि समाज हा असा?"

याचं उत्तर अभ्यासक्रमात नाही. मी चारही सत्रं शोधलं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा निराळाच घोळ. "एमएसईबीत लागलास म्हणे! बरं झालं हो. आता आमच्या बंटीचं पण बघ तिकडे." मी म्हटलं, "काकू, एमएसईबी नाही, एमएसडब्ल्यू." "तेच रे," काकू म्हणाल्या. मंडळाचे भाग पडून 2005 सालीच महावितरण झालं, पण लोकांच्या तोंडातून एमएसईबी काही जात नाही. हे मला पुढे फार महागात पडायचं होतं.

वर्गात बसणं सोपं असतं. खरं दुखणं फिल्डवर्कचं. आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जायचं आणि आल्यावर अहवाल लिहायचा, तोही हातानं. दिनांक, वेळ, उद्दिष्ट, कोण काय बोललं, निरीक्षणं, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: लर्निंग. बाकी सगळा अहवाल मराठीत, हा शब्द मात्र लर्निंगच. 'शिकवण' म्हटलं तर इसापनीती वाटते आणि 'तात्पर्य' म्हटलं तर कोल्हा आठवतो, म्हणून असेल.

पहिल्या दिवशी मी नाल्याकाठच्या वस्तीत शिरलो. खांद्याला शबनम, हातात वही. कोपऱ्यावर आठ-नऊ वर्षांचं एक पोरगं टायर फिरवत होतं. "कोण तुमी?" मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "मी एमएसडब्ल्यूचा." त्यानं पहिली दोन अक्षरं ऐकली, बाकीची स्वतःच लावली आणि टायर टाकून बोळात पळत सुटलं. "एमएसईबी आलीऽऽ!"

पुढच्या दीड मिनिटात मी जे पाहिलं ते समुदाय संघटनाच्या पेपरला नव्हतं. घराघरांतून बांबू बाहेर आले. तारेवरचे आकडे पटापट उतरले. वायरी गुंडाळून पिंपात गेल्या. तीन घरांतली एकच मालिका एकाच वाक्यावर बंद पडली. कुठेतरी मिक्सर चटणी अर्धी वाटून थांबला. कुणी कुणाला सूचना दिली नाही, की कुणी कुणाच्या वाटेत आलं नाही. समान उद्दिष्ट होतं, कामाची वाटणी होती, स्थानिक नेतृत्व होतं. नव्हता फक्त उजेड.

एक मावशी पदर सावरत पुढे आल्या. "बसा सायब. आमच्यात तसलं काय नस्तंय. च्या घ्या." मी अंधारात चहा घेतला. मी वीजवाला नाही हे मी चार वेळा सांगितलं. दर वेळी त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक चमचा साखर घातली.

शुक्रवारी आयसी. म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. यात मॅडम तुमचा अहवाल उघडतात आणि चष्म्याच्या वरून बघतात.

"तुम्ही लिहिलंय, 'लोकांनी चांगले सहकार्य केले.' म्हणजे नेमकं काय केलं?"

"चहा दिला."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"साखर फार होती."

"चहाबद्दल नाही. तुम्हाला आत काय वाटलं?"

पतसंस्थेत अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तिथे फक्त किती वसूल झाले ते विचारत. मी बराच वेळ आत डोकावून पाहिलं. मॅडमनी तोवर लाल पेनानं लिहून टाकलं होतं: 'लर्निंग?' नुसतं प्रश्नचिन्ह नव्हे, त्याला खाली दोन रेघा.

हळूहळू हे अंगात भिनायला लागलं. फेलिक्स बिस्टेक नावाच्या अमेरिकन जेझुइट पाद्र्यांनी 1957 साली व्यक्तीसहाय्य कार्याची, म्हणजे एकेका माणसाला मदत करण्याच्या कामाची, सात तत्त्वं मांडली: माणसाला आहे तसं स्वीकारा, निवाडा करू नका, गोपनीयता पाळा, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या वगैरे. सप्तपदीनंतर माझ्या गळ्यात पडलेली ही दुसरी सात. पहिल्या सातांइतकीच पाळायला अवघड, हे पाद्रीबुवांना कळायचं काही कारण नव्हतं.

आई म्हणाली, "गुडघा फार दुखतोय रे." मी ऐकण्याचं कौशल्य वापरलं. "म्हणजे तुला असं वाटतंय, की तुझा गुडघा दुखतोय."

"वाटत नाहीये, मेल्या. दुखतोय."

बायकोनं सांगितलं, "अहो, सिलेंडर संपलाय." मी मान तिरकी करून विचारलं, "याबद्दल तुला नेमकं काय वाटतं?" तिला जे वाटलं ते तिनं सांगितलं. भावनांचं इतकं हेतुपूर्ण प्रकटीकरण मला वस्तीत कधी मिळालं नाही. मुलाचा गृहपाठाबाबतचा स्वयंनिर्णयाचा हक्क मी दोन आठवडे जपला, तिसऱ्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं.

मग भोर तालुक्यात आठ दिवसांचं ग्रामीण शिबिर झालं. पहाटे श्रमदान, रात्री दारूबंदीवर पथनाट्य. माझ्याकडे दारुड्याची भूमिका होती, आणि ती गावातल्या जाणकारांना पसंत पडली यापलीकडे त्यात सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखा आहे तो नकाशा. लोकसहभागातून गावाचं मूल्यांकन करायच्या पद्धतीत गावकरी स्वतः जमिनीवर गावाचा नकाशा काढतात. रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकांनी ही पद्धत जगभर नेली. त्यांचं सांगणं असं, की काठी आपल्या हातात ठेवायची नाही, लोकांच्या हाती द्यायची.

देवळापुढच्या पटांगणात बायकांनी रांगोळीनं सुरेख गाव काढलं. विहीर आली, शाळा आली, ओढा आला. मग शेतं आली. शेतं आली म्हणजे बांध आला. रांगोळीचा एक बांध वीतभर पूर्वेला सरकला, आणि वीस वर्षं कोर्टात पडून असलेला दावा पटांगणात उभा राहिला. दोन चुलतभाऊ ओढ्यात पाय देऊन भांडू लागले. शाळा पुसली गेली. चेंबर्स साहेबांच्या सांगण्याप्रमाणे काठी लोकांच्या हातात होतीच.

अहवालात मी लिहिलं, 'लोकांचा सहभाग उत्स्फूर्त होता.' लाल पेनानं विचारलं, 'लर्निंग?'

मार्चमध्ये वस्तीतला शेवटचा दिवस आला. आमच्यात याला टर्मिनेशन म्हणतात. हा शब्द मी फोनवर बोलताना आईनं ऐकला आणि 'कॉलेजातनं पण काढलं का रे?' म्हणून खाली बसली. तिची समजूत घालून निघायला उशीर झाला. वस्तीत पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. कोपऱ्यावर तेच पोरगं, तोच टायर. मला बघितल्यावर ते बोळात तोंड करून ओरडलं, "एमएसडब्ल्यूवाला हाय गं! ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!"

एकही बांबू हलला नाही. मिक्सर चालू राहिला. तीन घरांतली मालिका पुढच्या वाक्याला गेली. मावशींनी लख्ख उजेडात चहा दिला.

रात्री अहवाल लिहायला बसलो. पहिल्यांदाच शेवटच्या रकान्यात लिहायला हवं तेवढं होतं. पण लिहिलं तर गोपनीयतेचं तत्त्व मोडत होतं, न लिहावं तर लाल पेन ठरलेलं. अकरापर्यंत पेन हातात धरून बसलो. बायको आतून म्हणाली, "अहो, लाइट बंद करा आता." मग 'लर्निंग'पुढे लिहून टाकलं: 'साखर बेताची होती.'