मोबाइल फोटो लहान करतो, पण आधी अख्खा उतरवून घेतो

नाशिकच्या हॉटेलवाल्यांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “आता ५जी आलंय. वेबसाइटवर फोटो एकच आणि मोठ्यात मोठा टाका, मोबाइल आपोआप लहान करून दाखवतो. वेगवेगळ्या मापांचे फोटो म्हणजे वेबसाइटवाल्यांचा बिल वाढवायचा धंदा. फारच वाटलं तर ७२ डीपीआय करा.” मी त्याच धंद्यातला आहे, तेव्हा माझं म्हणणंही पारखूनच घ्या.

“मोबाइल लहान करतो.” करतो, पण पूर्ण फाइल उतरल्यावर. फोनवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, वजन धरा ४ एमबी. बऱ्याच फोनच्या पडद्याची रुंदी १०८० पिक्सेल. म्हणजे दिसणार त्याच्या जवळजवळ चौदापट पिक्सेल गिऱ्हाइकाच्या डेटातून जातात. शिवाय फाइल ४ एमबीची असली तरी उघडल्यावर दर पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे एका फोटोला ४८ एमबी मेमरी. खोल्यांचे असे दहा फोटो एका पानावर लावले की स्वस्तातला फोन अडखळतो. तिथे ५जी काय करणार?

आणि ५जी आलंय ते कॉलेज रोडला. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून किंवा कसारा घाटातल्या गाडीतून तुमची खोली बघणाऱ्याचं काय? दीड एमबीपीएस (सेकंदाला दीड मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) वेग मिळाला तर ४ एमबीच्या एका फोटोला २१ सेकंद लागतात. तोच फोटो १५० केबीचा केला तर सेकंदाच्या आत येतो. २०२७ च्या सिंहस्थात, पर्वणीच्या दिवशी रामकुंडाजवळ एकेका टॉवरवर किती फोन असतील याचा विचार करा. खोली शोधणारेही त्याच गर्दीत असतील.

बिलाचा आरोप मात्र अर्धा खरा आहे. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २०१५ मधल्या ४.४ आवृत्तीपासून एकाच फोटोची वेगवेगळी मापं ब्राउझरपुढे आपोआप ठेवतं. नुसत्या तेवढ्यासाठी कोणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका.

खरं काम पुढे असतं. येवल्याच्या एखाद्या पैठणीच्या दुकानाचं पान घ्या. मोबाइलवर एका ओळीत दोन साड्या. पडद्याची रुंदी ब्राउझरच्या हिशेबात ३६०, त्याच्या अर्ध्या १८०. पडदा तिप्पट घनतेचा, म्हणजे ब्राउझरच्या एका पिक्सेलमागे रुंदीत खरे तीन, म्हणून ५४० पिक्सेल. ६०० ची फाइल भरपूर झाली. पण फोटो पानावर किती जागा घेणार हे फोटोच्या कोडमधल्या ‘साइझेस’ या ओळीत लिहिलं नसेल, तर ब्राउझर तो पडद्याच्या पूर्ण रुंदीचा धरून चालतो आणि १०८० किंवा त्याहून मोठी फाइल उचलतो. त्याचाही दोष नाही. फाइल निवडायच्या वेळी पानाची मांडणी त्याला ठाऊकच नसते. लहान फाइली सर्व्हरवर तशाच पडून राहतात. पैसे द्यायचे तर ही ओळ नीट लिहिणाऱ्याला द्या.

डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके, हा छपाईचा हिशेब. ब्राउझर पिक्सेल बघतो. ४००० पिक्सेल तसेच ठेवून आकडा ७२ केला काय नि ३०० केला काय, वजन तेवढंच.

मेसेजमागची भीती खोटी नाही: सरसकट लहान फोटो टाकले तर लॅपटॉपवर ते फुटतात. म्हणून तर मापं अनेक हवीत. साधारण ४८०, ८००, १२०० आणि १६०० रुंदीच्या वेबपी (फोटोचा हलका फाइल-प्रकार) फाइली बहुतेक दुकानांना पुरतात. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो येताच खालचा मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. खालचे फोटो उशिरा उतरू द्यात, सगळ्यात वरचा मात्र नाही.

पदरावरचा मोर आणि काठाचं जरीकाम गिऱ्हाईक दोन बोटांनी मोठं करून बघणारच. तिथे मोठी फाइल जरूर द्या, पण त्याने फोटोवर टॅप केल्यावर.