बाटलीचा पट्टा: एक सुटणारा, एक न सुटणारा

दुधाची बाटली किंवा सिपर बाबागाडीला, हाय चेअरला बांधून ठेवायचा पट्टा आता ऑनलाइन कुठेही मिळतो. बाळाने बाटली भिरकावली तरी ती जमिनीवर पडत नाही, लोंबकळत राहते. कल्पना चांगलीच आहे. पण त्याच पाकिटावर खाली लिहिलेलं असतं की ट्रेकची बाटली, गाडीतली स्टीलची बाटली, जिमचा शेकर, सगळ्यांना हा एकच पट्टा चालेल. माझं मत विचाराल तर चालत नाही. बाळाच्या बाटलीचा पट्टा जोर आला की सुटलाच पाहिजे. मोठ्यांच्या बाटलीचा पट्टा काही झालं तरी सुटता कामा नये. दोन्ही कामं एका पट्ट्यात बसवायला गेलं की तो दोन्हीकडे निम्मा-शिम्मा निघतो.

आधी बाळाचा पट्टा. यात पहिली गोष्ट लांबी. चोखणी अडकवायच्या पट्टीसाठी युरोपात ईएन 12586 हे मानक आहे, त्यात पट्टीची लांबी जास्तीत जास्त 220 मिलिमीटर ठेवली आहे. कारण उघड आहे, याहून लांब पट्टी तान्ह्या मुलाच्या गळ्याभोवती फिरू शकते. बाटलीच्या पट्ट्यालाही हीच मर्यादा लावावी असं मी म्हणेन. बाजारात 30, 40 सेंटिमीटरचे पट्टे सर्रास विकले जातात, वर 'अ‍ॅडजस्टेबल' म्हणून कौतुक. जो पट्टा लांब करता येतो तो कुणीतरी लांब करतोच. मोकळी लांबी 18 ते 20 सेंटिमीटर पुरते. तेवढ्यात बाटली हाय चेअरच्या ट्रेवरून तोंडापर्यंत आरामात येते. येत नसेल तर पट्टा लांब करू नका, बांधायची जागा बदला.

दुसरी गोष्ट सुटण्याची, आणि इथेच खरी मेख आहे. वेलक्रो असो की टिचबटण, दोघांचा स्वभाव एकच. एकावर एक ठेवून सरळ रेषेत ओढलं तर घट्ट धरतात, कडेने उचकटलं तर पटकन सुटतात. म्हणून जोड कसा शिवला यावर सगळं अवलंबून असतं. पट्ट्याची दोन टोकं एकमेकांवर चढवून बटण लावलं, तर ओढ आडवी येते आणि ते बटण मोठ्या माणसालाही ओढून निघत नाही. तीच दोन टोकं नमस्काराच्या हातांसारखी समोरासमोर जोडून बटण लावलं, तर ओढ आली की ती टोकं आपोआप फाकतात आणि बटण उघडतं. बाळाच्या पट्ट्यात बाबागाडीच्या नळीभोवती जो फास येतो त्याचा जोड असा नमस्काराचाच हवा. बहुतेक तयार पट्ट्यांत तो चढवलेला असतो, आणि काहींत तर चक्क बॅगेचं दातेरी बक्कल. बक्कल म्हणजे दोन बोटांनी दाबल्याशिवाय न उघडणारी वस्तू. बाळाच्या आसपास ती नकोच.

तपासणी घरीच होते. पट्टा दाराच्या कडीला अडकवा आणि त्याला एक लिटर पाण्याची बाटली टांगा. साधारण किलोभर वजन झालं, ते धरून राहायला हवं, कारण भरलेली 250 मिलीची दुधाची बाटली तीन-साडेतीनशे ग्रॅमची असते आणि ती भिरकावल्यावर झटकाही बसतो. मग पाच लिटरचा भरलेला कॅन टांगा. आता जोड उघडायलाच हवा. नाही उघडला तर तो पट्टा बाळाच्या कामाचा नाही. हे काही सरकारी मानक नव्हे, घरगुती अंदाज आहे, आणि सुटणारा पट्टा असला म्हणून बाळावरची नजर काढायची मुभा मिळत नाही.

शिवायचाच असेल तर बॅगवाल्यांकडची 20 मिलिमीटर रुंदीची पॉलिस्टरची पट्टी घ्या. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त पट्टी पाणी पीत नाही हे खरं, पण उन्हात ती लवकर कुजते, हाताला तिची भुकटी लागायला लागते. नायलॉन मजबूत, पण ओलं झालं की ताणतं. बाटलीचा घेर दोऱ्याने मोजा. साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीचा घेर साधारण साडेवीस येतो. त्यात वेलक्रोच्या चढावासाठी सहा आणि टोकं दुमडायला दोन मिळवले की बाटलीभोवती येणारा कमरपट्टा साडेअठ्ठावीस सेंटिमीटरचा कापायचा. इथला वेलक्रो मात्र एकावर एक चढलेलाच हवा, कारण बाटली या पट्ट्यातून निसटायला नको. चढाव चार सेंटिमीटरहून कमी ठेवलात तर आठवडाभरात सैल पडतो. बाटलीपासून नळीपर्यंत जाणारी जोडपट्टी वेगळी: 18 मोकळी, नळीच्या फासाला 10, शिलाईत जाणारे अडीच, म्हणजे साडेतीस.

कापलेली टोकं मेणबत्तीवर वितळवून चमच्याच्या पाठीने दाबा. बोटाने नको, वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं आणि भाजत राहतं. सुई 16 किंवा 18 नंबरची, दोरा पॉलिस्टरचा, टाका तीन मिलिमीटर. जोडावर चौकोन आणि त्याच्या आत फुली. टाके जवळजवळ घातले की शिलाई मजबूत होते हा गैरसमज आहे. पट्टीला इतकी भोकं पडतात की ती नेमकी तिथेच फाटते. घरच्या मशीनवर चार थर आले की पायाने न चालवता हाताने चाक फिरवून टाके घाला, नाहीतर सुई मोडते.

कमरपट्टा बाटलीवरून घसरतो ही सगळ्यांची तक्रार. बाटली खाली निमुळती असेल तर पट्टा घसरणारच, मग तो कितीही आवळा. मधे खाच असलेली बाटली असेल तर तिथे बांधा. सरळसोट बाटली असेल तर पट्ट्याला आतून सिलिकॉनचे ठिपके असलेलं इलॅस्टिक शिवा, सायकलिंगच्या चड्डीच्या पायाला असतं ते. गार दुधामुळे बाटलीला घाम सुटला तरी ते धरून राहतं.

हा पट्टा कशाला बांधायचा? बाबागाडीच्या नळीला, हाय चेअरच्या दांडीला. बाळाच्या कपड्याला नाही, हाताला नाही, पाळण्याला तर अजिबात नाही. गाडीतल्या चाइल्ड सीटच्या पट्ट्यांतून काहीही ओवू नका, त्या पट्ट्यांची चाचणी अशा जोडण्या धरून झालेली नसते. स्कूटरवर चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट लावायचा नियम 2022 मध्ये आला, त्या हार्नेसलाही बाटली लटकवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पट्टा बाटली पडू नये म्हणून असतो, बाळाच्या तोंडाशी धरून ठेवायला नाही. काही जण पट्टा आखूड करून बाटली अशी बांधतात की निपल तोंडातच राहील आणि आपले हात मोकळे. बाळ थकलं, झोपलं, त्याला ठसका लागला तरी दूध येतच राहतं, आणि तोंड बाजूला करायची ताकद त्याच्यात नसते. दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, कानाला संसर्ग होतो, दात आलेल्या मुलाचे दात किडतात. बाटली आपोआप धरून ठेवणाऱ्या उशा वापरणं ताबडतोब थांबवा, अशी सूचना ब्रिटनच्या उत्पादन सुरक्षा कार्यालयाने डिसेंबर 2022 मध्ये काढली होती, ती याच कारणासाठी. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ मुळात बाटलीऐवजी वाटी-चमच्याचा आग्रह धरतात, आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने बंदी आहे. आजीच्या काळातल्या बोंडल्याला पट्टा कधी लागला नाही, कारण ते धरून माणूस बसलेलं असायचं.

पट्ट्यामुळे आणखी एक सवय लागते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बाटली खाली पडली की आपण ती धुतो. लटकत राहिली की 'राहू दे, पिईल नंतर' म्हणतो. पावडरच्या दुधाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की तयार केल्यापासून दोन तासांत संपवा, उरलेलं टाकून द्या. उष्टं दूध त्याआधीच टाकलेलं बरं. एप्रिलच्या दुपारी नागपुरात किंवा जळगावात बाबागाडीला लटकलेल्या अर्ध्या बाटलीचं काय होत असेल ते सांगायला नको. फिरायला नेताना पट्ट्यात पाण्याचा सिपर ठेवा. दूध पाजून झालं की बाटली पट्ट्यातून काढून पिशवीत टाका.

आता मोठ्यांची बाटली. लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली सव्वा किलोच्या पुढे जाते. ड्रायव्हरच्या पायाशी घरंगळत येऊन ती ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर ब्रेक पूर्ण दाबला जात नाही. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने आदळली, तर मागच्या सीटवर मोकळी पडलेली बाटली त्याच वेगाने पुढे येते. तिसऱ्या मजल्यावरून पडलेली वस्तू साधारण तेवढ्या वेगाने जमिनीवर आपटते. म्हणून इथे 25 मिलिमीटरची पट्टी, चढवलेला जोड आणि बक्कल हवंच. नुसता कमरपट्टा पुरत नाही. बाटलीच्या बुडाखालून जाणारी तळपट्टी हवी, कमरपट्ट्याला दोन्ही बाजूंनी शिवलेली. कमरपट्ट्याला आतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी शिवली की स्टील घसरत नाही. बाळाच्या बाटलीला मात्र ती ट्यूब नको, वास आणि काळा रंग दोन्ही सुटतात.

ट्रेकवाल्यांची एक सवय मोडायला हवी: झाकणाच्या कडीला कॅराबिनर, म्हणजे स्प्रिंगचा हूक, लावून बाटली सॅकला लटकवणे. भरलेल्या बाटलीचं सगळं वजन झाकणाच्या प्लास्टिकवर येतं, दर पावलाला झटका बसतो आणि कडी बुडाशी तडकते. शिवाय कातळटप्प्यावर झोके घेणारी बाटली गुडघ्यावर आपटते. मान आणि बूड अशी दोन ठिकाणी बांधा, म्हणजे हलणार नाही.

देखभाल फार नाही. वेलक्रोच्या खरखरीत बाजूत केस आणि धागे भरतात आणि पकड जाते. जुन्या टूथब्रशने किंवा सुईने ते काढा, आणि धुताना वेलक्रो मिटवून धुवा. दूध सांडलेला पट्टा लगेच साबणाच्या पाण्यात बुडवा, पट्टीच्या विणीत मुरलेलं दूध दुसऱ्या दिवशी आंबट वास मारतं. पावसाळ्यात पट्टा नीट वाळल्याशिवाय पिशवीत कोंबला की काळी बुरशी येते, ती मग निघत नाही. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने लोखंडी टिचबटण गंजतं आणि मग ते उघडत नाही, म्हणजे बाळाचा सुटणारा पट्टा नकळत न सुटणारा होतो. तिथे प्लास्टिकचं बटण लावा. दर धुण्यानंतर बटण हाताने ओढून पाहा. हललं तर पट्टा फेकून द्या, कारण सुटलेलं बटण थेट तोंडात जातं. खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जे मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचं धरतात, आणि हे बटण त्याच्या निम्म्याहून लहान असतं.

शिवण जमत नसेल तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे जा, पण त्याला दोन गोष्टी आधीच सांगा: रिवेट नको, टीप मार, आणि बाळाच्या पट्ट्याला बक्कल लावू नकोस. तो लावतोच, कारण त्याच्या हिशेबाने पट्टा म्हणजे न तुटणारी वस्तू.