लाइन इन्फेक्शन शून्य? मग कल्चर किती पाठवता तेही सांगा

मी राहते ठाण्यात आणि नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे. रोज सकाळी दहाला आयसीयूत फिरून कोणाकोणाला सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत औषधासाठी घातलेली नळी, आहे ते वहीत मांडते. सात जणांना असेल तर त्या दिवसाचे सात लाइन-दिवस. महिन्याचे झाले समजा २१०. त्यात दोघांच्या रक्तात लाइनमुळे जंतू गेले, तर हजार लाइन-दिवसांमागे दर साडेनऊ. जगभर हा हिशेब असाच करतात.

आधीच्या नोकरीत मला सांगितलं गेलं, "सिस्टर, तपासणीला माणसं येणार आहेत, या महिन्यात कल्चर जरा बेताने पाठवा." कल्चर म्हणजे पेशंटचं रक्त बाटलीत घालून त्यात जंतू उगवतो का ते लॅबमध्ये बघणं. ते गेलं नाही की जंतू सापडत नाही, आणि जंतू सापडला नाही की वहीत शून्य. पेशंटचा ताप मात्र तिथेच. चार महिन्यांत मी ती नोकरी सोडली. त्या शून्याची आजही चीड येते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका काकांना लाइन टाकून नववा दिवस होता. पहाटे तीनला हुडहुडी भरून ताप आला. नाइटची सिस्टर नवीन, पण पोरगी पक्की. अँटिबायोटिकचा डोस देण्याआधी तिने कल्चरचा एक सेट (दोन बाटल्या) लाइनमधून आणि एक हाताच्या शिरेतून काढला, बाटल्यांवर वेळ लिहिली. बाहेर काकांची मुलगी भडकली, "आधीच अंगात रक्त नाही, त्यात चार बाटल्या कशाला?" सकाळी मी तिच्याजवळ बसून सांगितलं : मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात कधीकधी एकही जंतू नसतो, म्हणून एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर लागतं. आणि अँटिबायोटिक आधी गेलं तर बाटलीत काही उगवेलच याची खात्री नाही. तिला पटलं.

लाइनमधली बाटली हातातल्या बाटलीच्या तीन तास आधी पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जंतू आधी उगवला. दोन तासांहून जास्त फरक पडला की संशय लाइनवरच जातो. लाइन त्याच संध्याकाळी काढली. जंतू निघाला क्लेब्सिएला, मीरोपेनेम या जोरदार अँटिबायोटिकलाही दाद न देणारा. श्रीमंत देशांत लाइन इन्फेक्शनमध्ये त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जंतू बरेच दिसतात. आपल्या आयसीयूंत क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू पुन्हा पुन्हा येतात. क्लेब्सिएलाला ओल आवडते, बेसिनच्या जाळीत तो मजेत राहतो, आणि दोघेही एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जातात ते आपल्याच हातांवरून. काकांच्या मानेवरच्या ड्रेसिंगची एक कड घामाने सुटून वर वळली होती. मी स्वतः आदल्या सकाळी तिथून गेले होते. ती कड मला दिसायला हवी होती.

काका अकरा दिवसांनी वॉर्डात गेले. रिपोर्ट हातात होता म्हणून औषध नेमकं देता आलं.

हे टाळता येतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या १०३ आयसीयूंचा अभ्यास डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. हात धुणं, लाइन टाकताना पेशंटला पूर्ण झाकणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, शक्यतो मांडीत लाइन न टाकणं आणि गरज संपली की ती काढणं, एवढ्यावर तिथला हजार लाइन-दिवसांमागचा मध्यक दर (सगळ्या आयसीयूंचे दर क्रमाने लावले तर मधला) २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. तो शून्य खरा होता, कारण तिथे मोजणं चालू होतं.

म्हणून माझी मागणी आहे. रिसेप्शनवर जिथे खोल्यांचे दर लावता, तिथेच लाइन इन्फेक्शनचा दर लावा, आणि त्याच्या शेजारी महिन्याला किती ब्लड कल्चर पाठवले तो आकडा. साडेनऊ लिहिणाऱ्या हॉस्पिटलला नावं ठेवू नका, ते निदान शोधतंय. ज्या सिस्टरच्या वहीत आकडा वाढला तिला मीटिंगमध्ये उभं करू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात ती बाटली पाठवणारच नाही. आणि नातेवाइकांनो, कल्चरच्या बिलावरून जरूर विचारा, पण "अँटिबायोटिकच्या आधी काढलं ना?" हेही विचारा.

आज सकाळी चार नंबरच्या आजींच्या लाइनचा सहावा दिवस होता. राउंडला डॉक्टरांना विचारलं, "सर, हिची अजून गरज आहे?" त्यांनी चार्ट बघितला, म्हणाले, "काढा." उद्या वहीत एक लाइन कमी लिहीन.