खुलासा : ऑर्डरनुसार विणलेला स्वेटर खरंच ‘शून्य कचरा’?

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : मागणी आल्यावरच इथे विणलेला स्वेटर म्हणजे शून्य कचरा, आणि तोही विदर्भाच्या कापसाचा. यातलं अर्धंच खरं आहे.

होजिअरीचा बराच माल विणलेल्या कापडातून बेतून शिवतात, चिंध्या तिथेच पडतात. फ्लॅट मशीनवर, म्हणजे सपाट तुकडे विणणाऱ्या यंत्रावर, पाठ, पुढा, बाह्या मापातच विणल्या की कात्री फारशी लागत नाही. जपानच्या शिमा सेइकी या विणयंत्रांच्या कंपनीने १९९५ मध्ये दाखवलेल्या यंत्रावर तर अख्खा स्वेटर बिनशिवणीचा उतरतो. मापात विणलेला भाग उसवून सूत पुन्हा वापरता येतं. कापलेल्या कापडातून नुसते तुकडे निघतात. मेसेजमध्ये नेमका हाच फायदा नाही! न खपलेला माल पडून राहत नाही, हेही खरं.

पण ‘शून्य’ नव्हे. नमुने, फसलेले भाग, विणीच्या सुरुवातीचं टाकाऊ सूत उरतंच.

कापसाचा दावा तर फारच सैल. स्वस्त स्वेटरचं सूत बहुधा ॲक्रिलिक, म्हणजे मूळ पेट्रोलियम. धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. ऑर्डरवर विणलं तरी ते थांबत नाही. कापूस इथे पिकतो म्हणून सूतही इथलंच, असं होत नाही. एम्प्रेस मिल १८७७ पासून नागपुरात सूत काढायची, ती केव्हाच बंद पडली. तेव्हा ऑर्डर देताना विणणाऱ्या ताईंकडे सुताच्या कोनावरचं (सूत गुंडाळलेल्या शंकूवरचं) लेबल मागा, आणि रफूसाठी थोडं सूतही.