सात बटणं आणि सासरे

मला गेम खेळता येत नाहीत. स्वस्तातला गेमिंग माउस घेतला तो बाजूच्या दोन बटणांवर कॉपी आणि पेस्ट बसवायला. महत्त्वाकांक्षा एवढीच.

सॉफ्टवेअर टाकलं. काळी-लाल विंडो उघडली, तिचा तळ स्क्रीनच्या खाली गेलेला, आणि 'अप्लाय' नेमकं त्या तळाशी. खाली जायला चाक फिरवलं. विंडो तसूभर हलली नाही. कर्सरखाली सापडलेल्या यादीतला 'लेफ्ट क्लिक' मात्र सरकला आणि तिथे 'डीपीआय प्लस' आलं. मी न बघता एंटर दाबलं.

झालं. आता डावं बटण दाबलं की क्लिक होईना, कर्सरचा वेग वाढे. घाबरून आणखी दाबलं. 6400 डीपीआयला माउस इंचभर सरकला की 6400 ठिपक्यांची मजल. स्क्रीन 1920 ठिपके रुंद. नुसतं शिंकलं तरी कर्सर कोपऱ्यात.

नेमके तेव्हाच सासरे चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले.

"जावईबापू, याला धाप लागलीय का?"

"नाही बाबा, ब्रीदिंग मोड आहे. दिवा मंद होतो, मग उजळतो."

"कशाला?"

हे बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

"बटणं किती?"

"सात."

त्यांनी वाकून मोजली. "सहाच आहेत."

"चाकही दाबता येतं."

"असं होय. मग यातलं चालतं कुठलं?"

मी गप्प.

"काढून परत लावा."

लावला. सेटिंग माउसच्याच मेमरीत जाऊन बसलेलं. दुसऱ्या कॉम्प्युटरलाही हेच होईल, म्हटलं.

"म्हणजे दुखणं अंगातलंच आहे तर."

1964 साली माउसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांच्या लाकडी माउसला एकच बटण होतं. आज सात देतात, आणि शेवटचा लेफ्ट क्लिक काढून घेताना 'नक्की का?' एवढंही विचारत नाहीत. दिव्याला मात्र नऊ तऱ्हा! त्या नवांतली एक काढून कुणाला तरी हे विचारायच्या कामाला लावलं असतं तर?

चाळीस मिनिटं माउसऐवजी कीबोर्डवरचं टॅब बडवत होतो. शेवटी मागून आवाज आला, "लॅपटॉपवर ती बोटानं चालवायची पाटी असते ना, ती बिघडलीय का?"

नव्हती बिघडली.

संध्याकाळी फोनवर ते कुणाला तरी सांगत होते, "जावईबापूंचा कॉम्प्युटर बंद पडला होता. मी चालू करून दिला." कॉम्प्युटर बंद पडला नव्हता! पण हे सांगायचं तर आधी काय झालं होतं ते सांगावं लागतं.

कॉपी-पेस्ट अजून बसायचंय. बाबा झोपले की बघतो.