भाडेकरूसकट घर

'घेतल्या दिवसापासून भाडं सुरू' एवढंच जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्या भाड्यामागे हाडामांसाची माणसं आहेत, हे घर बघायला गेल्यावर दारातल्या चपलांच्या ढिगावरून कळतं. विकणारा मालक अशा वेळी दोन आवाजांत बोलतो. मोठ्या आवाजात आत सांगतो, "अहो, नुसतं बघून जाणार आहेत!" आणि बारीक आवाजात तुम्हाला सांगतो, "सज्जन माणसं आहेत, सांगितलं की महिन्यात जातील." कोणत्या महिन्यात, ते काही तो सांगत नाही.

माझं यावर एक ठाम मत आहे. असं घर घेताना मालकाचे कागद नंतर वाचावेत, भाडेकरूचे आधी. व्यवहार मालकाशी होत असला, तरी तुम्हाला तिथे राहायला कधी मिळणार हे त्या तिसऱ्या माणसाच्या कपाटातल्या प्लॅस्टिकच्या फायलीत लिहिलेलं असतं. आणि गंमत म्हणजे सगळे जण त्याच्याच घरात उभे राहून त्याच्याशीच बोलायचं टाळत असतात. एजंट तर त्याच्याकडे फर्निचर असल्यासारखा बघतो.

रिकामं घर बघणं सोपं. भिंतीवर टकटक करा, नळ सोडा, खिडक्या आपटून बघा. भरलेल्या घरात भिंतीला टेकून कपाट, कपाटावर सुटकेस, सुटकेसवर पाहुण्यांच्या गाद्या. ओल नेमकी त्या कपाटामागे असते. "ओल? छे, छे!" असं मालक म्हणतो, तेवढ्यात कोपऱ्यातले आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "जुलैत या." मालक हसतो. तुम्ही हसू नका, आजोबांच्या शेजारी बसा. वरच्या मोरीचं पाणी कुठे ठिबकतं, दुपारी टाकी किती वाजता रिकामी होते, कुठल्या सॉकेटला ओल्या हाताने शिवायचं नाही, हे त्या घरात एकट्या भाडेकरूला माहीत असतं. अर्थात गळतीचं वर्णन जितकं भीषण तितका आपला मुक्काम लांबतो, हेही त्याला माहीत असतं. म्हणून त्याचं ऐकावं आणि पडताळणी आपण करावी. बाथरूमच्या छताचे पोपडे, खिडकीखालचा फुगलेला रंग, संडासाला लागून असलेल्या भिंतीची पाठची बाजू, एवढं कपाट न हलवताही दिसतं.

दुसरा घोळ मालकीचा. तुम्ही हॉलमधल्या एसीकडे कौतुकाने बघता, तो भाडेकरूचा असतो. गिझर मालकाचा, पण त्याची कॉइल भाडेकरूने बदललेली. किचनच्या ट्रॉल्या कुणाच्या, यावर नवरा-बायकोचं एकमत नसतं. पंखे, ट्यूबलाइट, पडद्यांच्या दांड्या, माळ्याची दारं, सेफ्टी ग्रिल या सगळ्यांची यादी करावी, प्रत्येकापुढे मालकाचं की भाडेकरूचं ते लिहावं आणि खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. हीच यादी खरेदीखताला परिशिष्ट म्हणून जोडावी. नाहीतर ताबा मिळतो तेव्हा छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात.

आता ती फाइल. महाराष्ट्रात भाड्याच्या घराला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे. फाइलमधून काय निघतं यावर तुमचं पुढचं आयुष्य ठरतं. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी, निघाला तर निम्मी चिंता मिटली. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सरकारने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि थांबल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक बारीक खोच आहे. मालकाच्या मृत्यूनंतर मालक झालेला वारस त्यात नावानिशी आहे, विकत घेणारा नाही. म्हणून जुन्या करारावर विसंबू नये. खरेदी झाली की आपल्या नावाने नवा करार करून तो नोंदवून टाकावा. तसं बघायला गेलं तर इझमेंट्स ॲक्ट, 1882 च्या कलम 59 प्रमाणे घराचा नवा मालक जुन्या मालकाने दिलेल्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. हे वाचून काही जण तडक कुलूप घेऊन निघतात. त्यांनी कलम 63 ही वाचावं: परवानगी काढून घेतली तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत द्यावी लागते.

फाइलमधून नोंदणी न केलेला करार निघाला, किंवा "आमचं तोंडी आहे, विश्वासाचं आहे" असं ऐकू आलं, तर खुर्चीत नीट सरसावून बसावं. भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. तसं केलं नाही तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट काही सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विश्वास हा असा महागात पडतो, आणि तो दाखवला दुसऱ्याने, निस्तरायचा तुम्ही.

तिसरी शक्यता: पिवळ्या पडलेल्या भाडेपावत्यांची चळत. ही दिसली की हसू आवरावं, कारण या घरात आधी वडील भाडेकरू होते, आता मुलगा आहे आणि नातू गृहपाठ करतो आहे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो, हे कायद्यातच आहे. भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं, पण कशावर 4 टक्के ते पावतीवर बघा आणि मग पेढे वाटायचे का ठरवा. "मला स्वतःला राहायचंय" हे कारण कलम 16 मध्ये आहे खरं, पण कोर्ट लगेच विचारतं, जास्त हाल कुणाचे होतील? तुमच्याकडे दुसरं घर असेल आणि त्यांच्याकडे नसेल, तर उत्तर ऐकायला वकील लागत नाही. ताबा मिळाल्यावरही एका महिन्यात राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलंत, तर जुना भाडेकरू परत जागा मागू शकतो. 'राहत्या भाडेकरूला विनापरवाना पक्कं बांधकाम केलं म्हणून काढू' ही आशाही फार धरू नये. ओटा, लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी, चिमणी या गोष्टी कायदा पक्क्या बांधकामात धरतच नाही. पूर्वजांनी खटले लढून लढून ही यादी लांबवली असावी असा माझा संशय आहे.

कुठलीही फाइल निघो, एक गोष्ट एजंट हसण्यावारी नेतो: कोर्टात आधीपासून दावा चालू आहे का. मालकाच्या आणि भाडेकरूच्या दोन्ही नावांनी शोध घ्यावा. चालू दाव्यात घर घेतलं तर निकाल तुम्हालाही बांधू शकतो आणि पुढच्या तारखांना तुम्ही हजर. "मला माहीतच नव्हतं कुणी राहतंय" हेही चालत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 प्रमाणे जागेत प्रत्यक्ष कुणी असेल तर त्याचा काय हक्क आहे हे घेणाऱ्याला ठाऊक आहे असंच धरतात. चपला दिसल्या म्हणजे नोटीस मिळाली.

पैशांकडे वळू. मालकाच्या 'महिन्यात जातील'वर एकच औषध आहे, शेवटचा हप्ता. साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, रिकाम्या ताब्याची तारीख घालावी, आणि रकमेचा चांगला जाडजूड तुकडा रिकामा ताबा हातात पडेपर्यंत देऊ नये. हजार-पाचशेसाठी कुणी कुणाला हलवत नाही. तारीख चुकली तर काय, तेही लिहावं: दर महिन्याला किती कापायचे, किती महिन्यांनी व्यवहार मोडायचा, मोडल्यास विसार किती दिवसांत परत. साठेखत गप्प असेल तर कायदा मालकाला एवढंच सांगतो की मालमत्तेच्या स्वरूपाला जमेल तसा ताबा द्या. भाडेकरू असलेल्या घराच्या स्वरूपाला काय जमतं, तर तुम्ही दारात उभं राहणं.

भाडेकरूला ठेवूनच घेत असाल तर सगळ्यात आधी डिपॉझिट विचारावं. ते मालकाने केव्हाच खर्च केलेलं असतं, आणि भाडेकरू जाताना ते मागणार तुमच्याकडे. म्हणून तेवढी रक्कम घराच्या किमतीतून वळती करावी आणि खरेदीखतात तसं लिहावं. आकडा मालकाच्या तोंडून घेऊ नये, भाडेकरूकडून लेखी घ्यावा. भाडं किती, कितीपर्यंत भरलंय, डिपॉझिट किती, मुदत कधी संपते, दुरुस्तीपोटी काही येणं आहे का, एवढ्या पाच ओळींचं पत्र आणि खाली सही. पोटभाडेकरू नाही ना, हेही त्यातच. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर टोकनचा चेक खिशातच राहू द्यावा.

थकलेलं भाडं हा आणखी एक गोड गैरसमज. घर माझं, म्हणजे मागची थकबाकीही माझी, असं नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 109 प्रमाणे खरेदीपूर्वीची थकबाकी घेणाऱ्याला आपोआप मिळत नाही, हवी असेल तर वेगळी लिहून घ्यावी लागते. उलट खरेदीची खबरच नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर ते पुन्हा मागता येत नाही. त्यामुळे नोंदणी झाली त्याच दिवशी जुन्या आणि नव्या मालकाच्या सह्यांचं एक पत्र भाडेकरूला द्यावं, पुढचं भाडं कुणाला आणि कुठल्या खात्यात ते त्यात लिहून, आणि पोचीवर त्याची सही घ्यावी. ही पोच पुढे सोन्याच्या भावाची ठरते. सोसायटीत घर असेल तर मेंटेनन्सची थकबाकी बघून घ्यावी. मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत जे बिनवापर शुल्क लागतं, ते आता तुमच्या बिलात येणार. बँकेलाही भाडेकरूचं आधीच सांगावं. मूल्यांकनाला आलेला माणूस चपला मोजतोच.

इतकं झाल्यावर तुम्ही मालक होता, म्हणजे नेमकं काय होता ते सांगतो. स्वतःच्या घरात जायला तुम्हाला आधी कळवावं लागतं आणि वाजवी वेळेलाच जावं लागतं. चिडून पाणी किंवा वीज तोडलीत तर तो गुन्हा होतो. रात्री गिझर बंद पडला की फोन मात्र तुम्हाला. ज्या दिवशी घर खरंच रिकामं होईल, त्या दिवशी मीटरचं रीडिंग फोटोसकट घ्यावं, सगळ्या चाव्या मोजून घ्याव्यात, राहत असलेल्या सगळ्या सज्ञान माणसांच्या सह्यांची ताबापावती करावी, डिपॉझिट परत केल्याचा उल्लेख त्यातच ठेवावा आणि संध्याकाळच्या आत कुलूप बदलावं. "दोन खोकी माळ्यावर राहू द्या, रविवारी नेतो" याला गोड बोलून नकार द्यावा. खोक्यांबरोबर ताबाही माळ्यावरच राहतो.

राहता राहिला एक प्रश्न, जो फुकट आहे. भाडेकरूला विचारावं, "इतकी वर्षं राहिलात, मग तुम्हीच का नाही घेतलंत?" पैशांचं गणित जमलं नाही म्हणाले, तर खुशाल पुढे जावं. नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं आणि बाईंनी चहाचं विचारलं, तर चहा घ्यावा, आजोबांना जुलैबद्दल पुन्हा विचारावं आणि सावकाश ऐकावं. हे सगळं टोकन देण्याआधी करायचं असतं. बहुतेक जण ते चाव्या घेताना विचारतात.