कारखान्यांचा कचरा जाळला की प्रश्न मिटतो?

सध्या एक मजकूर खूप फिरतो आहे. त्यातलं म्हणणं असं: ‘कारखान्यांचा कचरा हा घाणीचा प्रश्न आहे, हवामानाचा नाही. तो भट्टीत जाळून वीज केली की घाणही संपते आणि कोळसाही वाचतो. याहून जास्त काही करणं उद्योगांना परवडत नाही.’ असा मजकूर वाचून लोक निश्चिंत होतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘हवामानाचा संबंध नाही.’ मद्यार्क, स्टार्च, कागद, दूधप्रक्रिया यांचं सांडपाणी सेंद्रिय पदार्थांनी भरलेलं असतं. ते खोल, उघड्या तळ्यात साठवलं की तळाशी प्राणवायू पोचत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. या वायूला ना रंग, ना धूर, त्यामुळे तक्रार होते ती फक्त दुर्गंधीची. पण शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता अडवतो, वीस वर्षांच्या हिशेबात 80 पटींच्या आसपास. हेच पाणी बंद टाकीत कुजवलं तर तोच वायू बॉयलरचं इंधन होतो. पाणी तेच, जिवाणू तेच, फरक झाकणाचा. अर्थात टाकी गळकी असेल तर बराचसा फायदा हवेत जातो, हेही सांगायला हवं.

‘जाळा आणि वीज करा.’ काही कचरा जाळावाच लागतो. विषारी द्रावकांसाठी उच्च तापमानाची भट्टी हाच अनेकदा सुरक्षित मार्ग असतो. पण प्लास्टिक हे खनिज तेलाचंच दुसरं रूप आहे. एक किलो पॉलिएथिलीन पूर्ण जळलं की सुमारे 3.1 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याला हरित वीज म्हणणं मला मान्य नाही. ओल्या गाळाचं तर आधी पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते.

‘परवडत नाही.’ डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गला 1972 पासून कारखाने एकमेकांचं टाकाऊ विकत घेत आले आहेत. वीजकेंद्राची वाफ शेजारच्या उद्योगांना गेली, धूर शुद्ध करताना निघालेला जिप्सम भिंतींचे फलक बनवणाऱ्याला. हे करार झाले ते मुख्यतः पैसे वाचतात म्हणून. भंगारातून ॲल्युमिनियम काढायला खनिजापासून काढण्यापेक्षा सुमारे 95 टक्के कमी ऊर्जा लागते. सिमेंटमध्ये झोतभट्टीचा स्लॅग, म्हणजे लोखंड काढताना उरणारा टाकाऊ पदार्थ, मिसळला की क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भाजलेला मूळ घटक, कमी लागतो, आणि क्लिंकर करताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंधन कितीही स्वच्छ वापरलं तरी तो टळत नाही.

मात्र ज्या टाकाऊला गिऱ्हाईकच नाही, तिथे हा आक्षेप खरा ठरतो. एचसीएफसी-22 हा शीतक, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्रांत वापरला जाणारा वायू, बनवताना एचएफसी-23 नावाचा वायू निघतो. त्याचा एक टन हवेत सोडणं म्हणजे बारा हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. नष्ट करायचं तंत्र जुनं आहे, पण त्यातून कमाई नाही, म्हणून कोणी आपणहून करेल या भरवशावर राहता येत नाही. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने, ती मान्य करणाऱ्या देशांवर, 2020 पासून हा वायू शक्य तितका नष्ट करण्याचं बंधन घातलं. नायलॉनचा कच्चा माल, म्हणजे ॲडिपिक आम्ल, बनवताना निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या हवामान तापवणाऱ्या वायूसाठीही असाच सक्तीचा नियम हवा, कारण तो नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट करणारी यंत्रणा आजही उपलब्ध आहे.